कर्नाळ्याची वाट

(पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला आणि त्याच्या भोवतीचे पक्षी अभयारण्य यांची ओळख या पाठात करून दिली आहे. हा डोंगर कसा चढावा, वाटेत काय ऐकावे आणि माथ्यावर काय वाचावे, हे येथे सांगितले आहे.)

मुलांनो, पनवेलच्या एस.टी. स्थानकावरून पेण किंवा अलिबागकडे जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही कधी बसला आहात काय? बसला असाल, तर वाटेत दिसणारा एक डोंगर तुम्हांला नक्की आठवेल. डोंगर गर्द झाडीचा आहे. त्याच्या माथ्यावर दगडाचा एक उंच सुळका आहे. मूठ मिटून अंगठा वर करावा, तसा तो दिसतो. इंग्रजांना मात्र तो नरसाळ्यासारखा वाटला. तेल ओतण्याचे नरसाळे पालथे घातले, तर त्याची नळी जशी वर येते, तसा. म्हणून त्यांनी या डोंगराला 'नरसाळ्याची टेकडी' अशा अर्थाचे नाव दिले होते. आपण त्याला कर्नाळा म्हणतो.

पनवेलपासून कर्नाळा सुमारे बारा किलोमीटरवर आहे. मुंबईहून येणाऱ्यांनी लोकलने पनवेलला उतरावे आणि पुढे बस धरावी. जलद बस कर्नाळ्याला थांबेलच असे नाही, म्हणून चढण्यापूर्वी वाहकाला विचारून घ्यावे. वाटेत शिरढोण नावाचे गाव लागते. त्या गावाविषयी पुढे सांगणार आहे, ते नाव लक्षात ठेवा.

कर्नाळ्याला दोन गोष्टी आहेत. खाली जंगल आहे आणि वर किल्ला आहे. बरेच लोक किल्ला गाठण्याच्या घाईत जंगल धावत पार करतात. वर पोहोचले की छायाचित्र काढतात आणि तसेच धावत उतरतात. अशा लोकांना कर्नाळा भेटत नाही, असे माझे मत आहे. तुम्ही जाल तेव्हा सावकाश जा.

प्रथम जंगलाविषयी. या जंगलाला 'पक्षी अभयारण्य' म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण सोपा आहे. 'भय' म्हणजे भीती. त्याच्या आधी 'अ' लावला की 'अभय' होते, म्हणजे जेथे भीती नाही असे. उर्दूत 'खौफ'च्या आधी 'बे' लावून तुम्ही 'बेखौफ' म्हणता, तसेच हे. 'अरण्य' म्हणजे जंगल. पक्ष्यांनी जेथे बेखौफ राहावे ते हे अरण्य. १९६८ साली ते स्थापन झाले. महाराष्ट्रातले हे पहिले पक्षी अभयारण्य. तेव्हा त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरही नव्हते. पुढे २००३ साली ते वाढवण्यात आले आणि आता ते बारा चौरस किलोमीटरांच्या थोडे वर आहे. चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असा तुकडा डोळ्यांपुढे आणा. एवढ्याशा जागेत दोनशेहून अधिक जातींचे पक्षी दिसल्याच्या नोंदी आहेत. काही बाराही महिने येथेच राहतात. काही थंडीत उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याच्या आधी परत जातात. काही पावसाबरोबर येतात.

एवढ्या लहान जागेत एवढे पक्षी का? कारण येथे एकाच प्रकारचे झाड नाही. साग आहे, ऐन आहे, किंजळ आहे, उंबर आहे, जांभूळ आहे, खाली करवंदाच्या जाळ्या आहेत. कोणाला फळ लागते, कोणाला किडे लागतात, कोणाला फुलातला मध लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुलतात. तेव्हा या झाडांवर पान नसते, नुसती लाल फुले असतात. त्या फुलांवर सकाळी जी गर्दी उडते, ती पनवेलच्या बाजारातल्या गर्दीला मागे टाकील.

या जंगलाच्या मधूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला झाडी आणि मध्ये रात्रंदिवस वाहने. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. पक्ष्याला हा रस्ता उडून ओलांडता येतो. साप, सरडा, मुंगूस यांना तो पायांनी किंवा पोटाने ओलांडावा लागतो. काही लोक गाडीची काच खाली करून माकडांना केळी, बिस्किटे टाकतात. त्यांना वाटते, आपण पुण्याचे काम केले. पण खाऊ मिळतो हे कळले की माकडे झाडावर कशाला थांबतील? ती रस्त्यावर येऊन बसतात आणि पुढच्या गाडीखाली सापडतात. तुमच्या बसमधून कोणी खाऊ टाकू लागला, तर त्याला हे सांगा.

अभयारण्याच्या फाटकावर तिकीट काढावे लागते. तेथे तुमच्या पिशव्या पाहतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटे मोजतात आणि काही रक्कम अनामत म्हणून ठेवून घेतात. उतरताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्या की रक्कम परत मिळते. मला ही पद्धत फार आवडते. 'कचरा करू नका' अशा शंभर पाट्या लावण्यापेक्षा ती बरी आहे.

बरोबर काय घ्यावे? प्रत्येकाने दोन लीटर पाणी, कारण वर पिण्यायोग्य पाणी मिळेल याची खात्री नाही. थोडे खजूर, शेंगदाणे किंवा चिक्की. पायांत पकड असलेले बूट, चपला नकोत. कपडे मळकट हिरव्या किंवा मातकट रंगाचे. पांढरा आणि लाल रंग पक्ष्यांना दुरून दिसतो. एक लहान वही आणि शिसपेन्सिल. पेनपेक्षा शिसपेन्सिल बरी, कारण घाम किंवा पाऊस लागला तरी अक्षर पसरत नाही. अत्तर मात्र लावू नका. का, ते पुढे कळेल.

शक्य तितक्या सकाळी फाटकावर पोहोचा. सूर्य वर आला की पक्षी गप्प होतात आणि चढणीवर तुम्हांलाही घाम फुटतो. किल्ल्याची वाट साधारण अडीच ते तीन किलोमीटर आहे. सावकाश चढले तर दीड-दोन तास लागतात. 'हरियाल' आणि 'मोरटाका' या नावांच्या वेगळ्या पायवाटाही येथे आहेत. हरियाल हा शब्द तुम्हांला परका नाही. हिरवट-पिवळ्या रंगाचे ते कबूतर. मराठीतही त्याला हरियालच म्हणतात.

आता एक गोष्ट करून पाहा. झाडीत शिरल्यावर शंभर पावले चाला आणि थांबा. पाच मिनिटे कोणीही बोलायचे नाही. पहिल्या मिनिटात फक्त रस्त्यावरचे भोंगे ऐकू येतील. मग कान हळूहळू उघडतात.

टुक्... टुक्... टुक्... असा एकसारखा ठोका ऐकू येतो. तांब्याची भांडी घडवणारा कारागीर हातोडीने ठोकतो तसा. त्या कारागिराला मराठीत तांबट म्हणतात आणि या पक्ष्याचे नावही तांबटच आहे. पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगाने हिरवा, त्यामुळे पानांत दिसत नाही. ठोका ऐकू येतो आणि कारागीर सापडत नाही.

झुडपातून गोड, भरलेल्या गळ्याची लकेर आली, तर तो शामा असेल. काळा, चमकदार, पोट तांबूस, शेपटी लांब. याच्या गळ्यापायी पूर्वी याला पिंजऱ्यात ठेवीत. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातले असे रानपक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा ठरते. शामा ऐकायचा असेल तर माणसाने त्याच्याकडे जावे.

पावसाळ्यात ओढ्याच्या काठी कोणीतरी शीळ घालत असल्यासारखे वाटते. सूर लागतो, मध्येच चुकतो, पुन्हा नवा लागतो. हा शीळ घालणारा कस्तूर. त्याच्या या बेफिकीर शिळेमुळे इंग्रजीत त्याला शीळ घालत भटकणारा शाळकरी मुलगा असे टोपणनाव पडले आहे. त्याला कोणती शाळा असते, ते पक्ष्यांनाच माहीत!

आणि एक बहुरूपी आहे. दोन लांब तारांसारखी पिसे शेपटीला, त्यांच्या टोकांना पानासारखे चट्टे. तो भृंगराज. हा दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो. तुम्ही वहीत तीन वेगवेगळ्या पक्ष्यांची नावे लिहाल आणि मग कळेल की तिन्ही आवाज एकट्या भृंगराजाचेच होते. बुलबुल ओळखायला मात्र वही लागत नाही. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल डाग. उर्दू शायरीतला बुलबुल आणि आपल्या कुंपणावरचा हा बुलबुल वेगवेगळे आहेत. इराणमध्ये ज्याला बुलबुल म्हणतात तो दुसराच पक्षी, पण नाव येथवर चालत आले.

पक्षी पाहण्याची गोष्ट निघाली की सलीम अली यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले, मामांनी वाढवले. लहान असताना त्यांनी हवाई बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. मामांनाही ती ओळखता येईना. मग ती चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेला. तेथील सचिवांनी त्याला चिमणीचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले. त्या दिवसापासून पक्ष्यांच्या अभ्यासाची ओढ लागली, असे ते सांगत. पुढे आपल्याच रायगड जिल्ह्यातील किहीम गावी त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर सुगरण अर्धे घरटे बांधतो, मादी येऊन ते पाहते आणि पसंत पडले तरच पुढचे काम होते, हे त्यांनी तासन्‌तास बसून नोंदवले. किहीमला त्यांच्याकडे होती ती दुर्बीण, वही आणि भरपूर धीर. यांतली वही तुमच्याकडे आहे. धीर आहे का, ते पाच मिनिटांच्या शांततेत कळेल.

चला, पुढे चढू या.

सुरुवातीची वाट दाट सावलीतून जाते. मोठमोठे दगड आणि झाडांची मुळे हीच पायरी. थोड्या वेळाने चढण कमी होते आणि तुम्ही डोंगराच्या धारेवर येता. धार म्हणजे डोंगराची पाठ. घोड्याच्या पाठीवर बसले की दोन्ही बाजूंना उतार असतो, तसे येथे दोन्ही बाजूंना झाडी खाली उतरत जाते. मधूनमधून झाडी विरळ होते आणि दूरचे दिसू लागते. येथे दम खाण्यासाठी थांबा.

ईशान्येकडे पाहा. एकामागे एक डोंगर दिसतात. रुंद, सपाट माथ्याचा तो प्रबळगड. त्याच्या मागे लांबच लांब माथेरान. हवा स्वच्छ असेल तर त्यांच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि पसरला. एक थर थंड झाला की वर दुसरा. त्या पट्ट्या म्हणजे हेच थर. माथेरानला ते जवळजवळ आडवे आहेत. पण पश्चिमेला पनवेलच्या बाजूला आलो की तेच थर समुद्राकडे वाकलेले आढळतात. भूशास्त्रज्ञ या वाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. दूर देशांतले भूशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेत पनवेलचे नाव लिहितात, हे पनवेलच्या किती मुलांना ठाऊक असेल?

शेवटची चढण उभी आहे. तेथे हात मोकळे असावेत, म्हणून पिशवी पाठीवर बांधा. पावसाळ्यात दगडांवर शेवाळे धरते. तेव्हा चढण्यापेक्षा उतरताना पाय अधिक घसरतो. जोराचा पाऊस असेल, विजा चमकत असतील किंवा धुक्याने वाट दिसत नसेल, तर शिक्षकांनी परत फिरा म्हटल्यावर वाद घालू नका. किल्ला कित्येक शतके येथे आहे. पुढच्या महिन्यातही असेल.

करणाई देवीचे देऊळ लागले की किल्ला आला असे समजा. पुढे पायऱ्या आणि दरवाजे आहेत. समुद्रसपाटीपासून येथवरची उंची सुमारे साडेचारशे मीटर.

येथे थोडे थांबून शब्द मोजा. किल्ला, दरवाजा, बुरूज, हौद, किल्लेदार. हे सगळे शब्द मराठी मुले लहानपणापासून बोलतात आणि ते फार्सी किंवा अरबीतून आलेले आहेत. 'किला'चा किल्ला झाला, 'बुर्ज'चा बुरूज झाला, 'हौज'चा हौद झाला. माची, टाके, खिंड हे शब्द मात्र येथले. मराठीच्या तासाला तुम्हांला एखादा शब्द अवघड वाटतो, तेव्हा तो आधी उच्चारून पाहा. कदाचित तो तुमच्याच घरातून आलेला असेल.

आता मी ज्यासाठी तुम्हांला एवढे चढवले, ती गोष्ट. कर्नाळ्यावर दोन शिलालेखांची नोंद आहे. शिलालेख म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर, तुम्ही त्याला कतबा म्हणता. एक मराठीत आहे, खालच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूस. त्यावर सन नाही. दुसरा फार्सीत आहे. त्यात सय्यद नूरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे वर्ष वाचले गेले आहे.

या वाटेने दर रविवारी शेकडो लोक चढतात. मराठी लेखाची अक्षरे त्यांतल्या अनेकांना निदान ओळखीची वाटतात. फार्सी लेखापुढे उभे राहून अलिफ कोणता आणि नून कोणता हे सांगू शकणारे फार थोडे असतात. तुम्ही त्या थोड्यांपैकी आहात. तुम्ही दोन्ही लिप्या शिकता. या किल्ल्याच्या दोन्ही दगडांपुढे उभे राहून अक्षर लावण्याचा प्रयत्न तुम्हांला करता येतो.

पण घाई करू नका. दगडावरचे वाचन कागदावरच्या वाचनासारखे नसते. ऊन, वारा आणि पाऊस यांनी अक्षरे झिजतात. सर्वांत आधी नुक्ते पुसट होतात, कारण ते लहान असतात. नुक्ता गेला की 'बे', 'पे', 'ते' ही अक्षरे शब्दाच्या सुरुवातीला सारखीच दिसतात. 'नूरुद्दीन' मधला पहिला नूनसुद्धा नुक्त्याशिवाय 'बे' वाटू शकतो. मग काय करायचे? पुढची-मागची अक्षरे पाहायची. सकाळचे तिरपे ऊन पडले असेल तर कोरीव रेघेत सावली भरते आणि अक्षर उठून दिसते. भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो. अक्षर दिसावे म्हणून त्यावर खडू, चुना किंवा पाणी लावू नका. घासून पाहू नका. जे दिसेल ते वहीत जसेच्या तसे काढून घ्या. कळले नाही ते कळले नाही म्हणून तसेच सोडा.

आणि एक छोटे गणित. काही पुस्तकांत हिजरी ११४६ म्हणजे इसवी सन १७३५ असे छापलेले आढळते. ते बरोबर आहे का, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून ३३ हिजरी वर्षे सुमारे ३२ इसवी वर्षांएवढी भरतात. ११४६ ला ३३ ने भागा. उत्तर जवळजवळ ३५ येते. ११४६ मधून ३५ वजा करा, ११११ राहतात. हिजरी सन इसवी ६२२ मध्ये सुरू झाला, म्हणून ६२२ मिळवा. १७३३ आले! बारकाईने हिशेब केला तर हिजरी ११४६ हे वर्ष जून १७३३ ते जून १७३४ असे पडते. तेव्हा १७३५ हा आकडा चुकलेला आहे. छापले आहे म्हणून खरेच असते असे नाही.

दरवाज्याच्या आणि तटाच्या दगडांवर तुम्हांला आणखी बरीच नावे दिसतील. कोळशाने लिहिलेली, टोकदार दगडाने खरवडलेली. ती लिहिणाऱ्यांना कोणी किल्लेदार केले नव्हते. नवे खरवडलेले नाव जुन्या अक्षरावर आले, तर ते जुने अक्षर कायमचे जाते. मग हजार विद्वान आले तरी ते वाचता येणार नाही.

किल्ल्याचा इतिहास लांब आहे. येथे थोडक्यात सांगतो. किल्ला देवगिरीच्या यादवांच्या काळापासूनचा मानतात. पुढे तो दौलताबादच्या, मग गुजरातच्या सुलतानांकडे होता. १५४० साली अहमदनगरच्या निजामशाहीने तो घेतला आणि त्यातून वसईच्या पोर्तुगीजांचाही येथे शिरकाव झाला. शिवाजी महाराजांच्या ताब्यातला हा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना गेला. १६७० साली मराठ्यांनी तो परत घेतला. नंतर तो पुन्हा मोगलांकडे गेला. फार्सी शिलालेख त्या काळातला. १७४० मध्ये तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ साली कर्नल प्रॉथर याने तो इंग्रजांसाठी जिंकला. तेव्हा अनंतराव फडके किल्लेदार होते. आता शिरढोण आठवा. याच फडके घराण्यात १८४५ साली शिरढोण गावी वासुदेव बळवंत फडके जन्मले. अनंतराव हे त्यांचे आजोबा. आजोबांनी किल्ला गमावला आणि नातवाने इंग्रजी राज्याविरुद्ध सशस्त्र बंड उभारले. त्या बंडात रामोशी आणि रोहिले यांना जमवण्याची त्यांची धडपड होती. १८७९ साली ते पकडले गेले. एडनच्या तुरुंगात १८८३ साली त्यांचा मृत्यू झाला.

एका डोंगरासाठी इतक्या राजवटी का झगडल्या? उत्तर पुस्तकात शोधू नका, माथ्यावरून खाली पाहा. उत्तरेला पनवेलची खाडी, दक्षिणेला पाताळगंगा नदी. घाटावरचा माल बोरघाटाने उतरून पनवेल बंदरात येई आणि तेथून गलबतांत भरून मुंबईकडे जाई. या दोन पाण्यांमधला रस्ता सुळक्याच्या पायथ्यावरून सरळ दिसतो. कोण येतो, किती बैल, किती घोडे, हे येथून मोजता येत असे. आजही मोजता येते. बैलांच्या जागी ट्रक आणि कंटेनर आहेत, एवढाच फरक. पश्चिमेकडे न्हावा-शेवाचे बंदर आहे. ते १९८९ साली सुरू झाले. वायव्येकडे २०२५ साली उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. पूर्वेकडे माणिकगड, उत्तरेला दूरवर मलंगगड. बरोबर नकाशा असेल तर तो जमिनीवर पसरा, उत्तर दिशा जुळवा आणि एकेक डोंगर ओळखा. भूगोलाच्या तासाला जे महिनाभरात होत नाही, ते येथे अर्ध्या तासात होते.

सुळका किल्ल्याच्या मधोमध आहे. त्याची उंची सुमारे सव्वाशे फूट. त्याच्या पायाशी दगडात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत. टाक्यांत डोकावा, पण कडेवर उभे राहू नका आणि आत काही टाकू नका. सुळक्यावर चढणे हे दोर आणि साधने असणाऱ्या प्रशिक्षित गिर्यारोहकांचे काम आहे. तुमच्यापैकी कोणी "चार फूट तरी चढून पाहतो" म्हणाला, तर त्याचा हात धरून त्याला खाली बसवा.

वर पाहा. कड्यावर काळसर, अर्धगोल, मोठमोठी पोळी लटकलेली दिसतील. ही आग्या मोहोळे. आग्या म्हणजे आगीसारखा. या माश्या झाडाच्या ढोलीत राहत नाहीत, उघड्या कड्यावर एकच मोठे पोळे करतात. त्या चिडल्या की शेकड्यांनी येतात आणि लांबवर पाठलाग करतात. अशा हल्ल्यांत माणसे दगावलेली आहेत. धूर, फेकलेला दगड, आरडाओरडा आणि उग्र वास यांनी त्या बिथरतात. अत्तर लावू नका म्हटले ते यासाठी. सुळक्याजवळ हळू बोला. चूल पेटवू नका. माश्या आल्याच, तर हात हलवून त्यांना मारू नका. ओढणी, रुमाल किंवा टॉवेल, जे असेल त्याने डोके आणि तोंड झाका आणि थांबून न राहता वाटेने खाली निघा. लहान मुलांना पुढे घाला.

माथ्यावर तासभर पुरे. उतरताना गुडघे दुखतात, म्हणून लहान पावले टाका. सकाळी जेथे पाच मिनिटे गप्प बसला होता, तेथे पुन्हा बसून पाहा. तांबट अजून ठोकत असेल, बाकीचे बहुतेक गप्प असतील. सकाळी किती आवाज होते आणि दुपारी किती, हे वहीत समोरासमोर लिहा. ज्यांची नावे कळली नाहीत, त्यांच्यापुढे आवाज लिहून ठेवा.

शिलालेखाची जी अक्षरे तुम्ही वहीत काढली असतील, ती घरी आल्यावर उर्दूच्या शिक्षकांना किंवा फार्सी जाणणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दाखवा. मराठीची अक्षरे मराठीच्या शिक्षकांना दाखवा. आधी त्यांना किल्ल्याचे नाव सांगू नका. नुसती अक्षरे पुढे ठेवा आणि ते कोठवर वाचतात ते पाहा.